दार आतून उघडतं

५ फेब्रुवारी २०२० ची दुपार. जर्मनीतल्या एरफुर्ट शहरात, थुरिंगिया राज्याच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांची निवड चालली होती. दोन फेऱ्या झाल्या तरी कुणाला बहुमत मिळेना. तिसऱ्या फेरीत एफडीपी या छोट्या उदारमतवादी पक्षाचे थॉमस केमेरिश ऐनवेळी उभे राहिले. त्यांच्या पक्षाचे आमदार पाच. विधानसभेत शिरायला लागणारी पाच टक्के मतांची अट हा पक्ष अवघ्या ७३ मतांनी पार करून आला होता. अतिउजव्या एएफडीचा उमेदवार रिंगणात होताच, पण मोजणी झाली तेव्हा त्याच्या नावावर एकही मत निघालं नाही. एएफडीची मतं केमेरिश यांच्याकडे वळली होती, सीडीयू या जुन्या उजव्या पक्षाचीही वळली होती, आणि ४५ विरुद्ध ४४ अशा एका मताने केमेरिश मुख्यमंत्री झाले.

अभिनंदनासाठी लोक पुढे येऊ लागले. डाव्या पक्षाच्या गटनेत्या सुझान हेनिग-वेल्सो पुष्पगुच्छ घेऊन आल्या. मावळते मुख्यमंत्री बोडो रामेलो पुन्हा निवडून येतील म्हणून तो आणला होता. त्यांनी तो केमेरिश यांच्या हातात दिला नाही. त्यांच्या पायापाशी टाकला, जराशी मान लववली आणि पाठ फिरवून निघून गेल्या. एएफडीचे राज्यातले नेते ब्योर्न ह्योके यांनी मात्र वाकून नव्या मुख्यमंत्र्यांशी हस्तांदोलन केलं. चान्सेलर आंगेला मर्केल तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होत्या. त्यांनी प्रिटोरियातूनच हे अक्षम्य आहे, हे मागे घ्यावंच लागेल, असं बजावलं. दुसऱ्याच दिवशी केमेरिश यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं, आणि महिन्याभरात रामेलो परत आले.

मी तेव्हा पुण्यात जर्मन शिकवत होते. त्या आठवड्यात वर्गात ती चित्रफीत दाखवली. एका मुलाने विचारलं, "पण मॅडम, यात चुकलं काय? बहुमत ते बहुमत. कुणी कुणाला मत द्यावं, हे दुसऱ्याने कसं ठरवायचं?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा मी घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नंतरच्या वर्षांत युरोपात जे घडत गेलं, ते पाहताना तो मुलगा मला वारंवार आठवला आहे. त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर आता देते.

थुरिंगियापासूनच सुरुवात करायला हवी, कारण हे याच राज्यात एकदा घडून गेलं आहे. डिसेंबर १९२९ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला थुरिंगियात ११.३ टक्के मतं पडली, ५३ पैकी ६ जागा. म्हणजे हा पक्ष फार मोठा नव्हता. पण तिथल्या प्रतिष्ठित, सुशिक्षित, उजव्या पक्षांना डाव्यांना बाहेर ठेवायचं होतं आणि त्यासाठी सहा हात कमी पडत होते. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी नाझींना सरकारात घेतलं आणि विल्हेल्म फ्रिक यांना गृह आणि शिक्षण ही दोन्ही खाती दिली. जर्मनीतल्या कुठल्याही राज्यातले हे पहिले नाझी मंत्री. फ्रिक यांनी पोलिसांत आपली माणसं भरली, शाळांत आपल्या प्रार्थना आणल्या. वायमारमधल्या बाउहाउस या नामांकित कलाशाळेच्या जुन्या इमारतीत जिन्यालगत ऑस्कर श्लेमरने रंगवलेली भित्तिचित्रं होती, ती त्याच वर्षी नष्ट करण्यात आली. वायमारच्या संग्रहालयातून क्ले आणि कांडिन्स्की या आधुनिक चित्रकारांची चित्रं हलवली. फ्रिक यांचं मंत्रिपद जेमतेम सव्वा वर्ष टिकलं, एप्रिल १९३१ मध्ये अविश्वास ठरावाने ते गेले. तरीही १९३२ च्या उन्हाळ्यात नाझी त्याच राज्यात सगळ्यांत मोठा पक्ष होऊन परतले, आणि ३० जानेवारी १९३३ ला बर्लिनमध्ये हिटलरला चान्सेलरपद मिळालं. तेही निव्वळ मतांच्या जोरावर नाही. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याची मतं ३३ टक्क्यांपर्यंत खाली आली होती. माजी चान्सेलर फॉन पापेन आणि त्यांच्यासारख्या जुन्या उजव्या मंडळींना वाटलं, याला आपण चौकटीत बसवू, काम करून घेऊ.

आजची जर्मनी म्हणजे १९३२ ची जर्मनी नव्हे, आणि एएफडीला नाझी म्हणून टाकलं की विचार करायची गरज संपते, तेही मला नको आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. टोकाचा पक्ष स्वतःच्या बळावर सत्तेचं दार क्वचितच फोडतो. ते दार आतून उघडलं जातं, आणि उघडणारा बहुतेक वेळा त्याच्या शेजारचा सभ्य पक्ष असतो. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, असं आपण म्हणतो. एरफुर्टला गेलं ते एक मुख्यमंत्रिपद होतं, महिन्याभरात परतही मिळालं. पण काळ सोकावला.

एएफडीची स्थापना फेब्रुवारी २०१३ ची. सुरुवातीला हा पक्ष अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा होता आणि युरो वाचवायला ग्रीससारख्या देशांना पैसे द्यायला त्यांचा विरोध होता. पुढे प्राध्यापक बाहेर पडले आणि पक्ष स्थलांतरितांच्या विरोधावर उभा राहिला. २०१७ मध्ये १२.६ टक्के, २०२१ मध्ये १०.४ टक्के, आणि २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत २०.८ टक्के मतं, संसदेत १५२ खासदार. सप्टेंबर २०२४ मध्ये थुरिंगियात ३२.८ टक्के मतं घेऊन तो राज्यात पहिला आला. त्याच्या तिथल्या नेत्याला, म्हणजे ह्योके यांना, नाझींच्या निमलष्करी दलाची बंदी असलेली घोषणा जाहीर सभांत दिल्याबद्दल २०२४ मध्ये हालेच्या न्यायालयाने दोनदा दंड केला. हे गृहस्थ पूर्वी शाळेत इतिहास शिकवत. त्या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक नसेल, हे मला पटत नाही.

या पक्षाला रोखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते सीडीयूचे फ्रीडरिश मेर्त्स. २०१८ मध्ये पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवताना त्यांनी एएफडीची मतं निम्म्यावर आणून दाखवू असं सांगितलं होतं. २०२५ मध्ये ती मागच्या निवडणुकीच्या बरोबर दुप्पट झाली. मधल्या काळात त्यांनी केलं काय? स्थलांतरितांविषयी एएफडी जे मोठ्याने बोलत होती, ते जरा मवाळ शब्दांत बोलायला सुरुवात केली. आणि मग आला २९ जानेवारी २०२५.

त्या दिवशी सकाळी बर्लिनच्या संसदेत ऑशविट्झ छळछावणीच्या मुक्ततेला ८० वर्षं झाल्याची स्मरणसभा झाली. ज्यूंच्या संहारातून वाचलेले ओडेसाचे एक वृद्ध गृहस्थ सभागृहापुढे बोलले. संध्याकाळी त्याच सभागृहात मेर्त्स यांचा स्थलांतरितांना सीमेवरून परत पाठवण्याचा ठराव ३४८ मतांनी मंजूर झाला, आणि तो मंजूर झाला एएफडीच्या मतांमुळे. दोनच महिन्यांपूर्वी याच मेर्त्स यांनी याच सभागृहात सांगितलं होतं की एएफडीच्या मतांवर चुकूनही बहुमत होऊ नये, याची काळजी घेऊ. ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं, म्हणजे हाती काही लागलंच नाही. एएफडीच्या बाकांवर मात्र आनंद मावेना. संहारातून वाचलेल्या एका ९९ वर्षांच्या जर्मन वृद्धाने देशाने दिलेला सन्मान परत करत असल्याचं सांगितलं. मर्केलबाईंनी निवृत्तीतून बाहेर येऊन आपल्याच पक्षाच्या नेत्याला चूक म्हटलं. दोन दिवसांनी त्याच विषयावरचं विधेयक पडलं, कारण एफडीपीचे आणि खुद्द सीडीयूचेही काही खासदार मतदानाला गेले नाहीत. त्या मतदानाला न गेलेल्यांविषयी मला आजही आदर वाटतो. पक्षशिस्त मोडून असं गप्प बसणं सोपं नसतं.

मेर्त्स यांचे समर्थक म्हणतील, मग काय करायचं? ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगनच्या जत्रेत तीन माणसं भोसकून मारली. जानेवारी २०२५ मध्ये आशाफेनबुर्गच्या बागेत दोन वर्षांचं मूल आणि त्याला वाचवायला धावलेला माणूस मारला गेला. दोन्ही हल्लेखोर आश्रय मागायला आलेले होते. लोक घाबरले होते. हे सगळं खरं आहे, आणि या भीतीला वंशवाद म्हणून झिडकारणाऱ्या डाव्यांनी एएफडीचं काम सोपं केलं, हेही खरं आहे. आश्रयाचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, ज्यांना परत पाठवायचं ठरतं ते परत जात नाहीत, छोट्या गावांच्या नगरपालिकांवर घरांचा आणि शाळांचा ताण येतो. सरकारने हे सोडवलंच पाहिजे. पण आशाफेनबुर्गचं ते मूल मोरोक्कन वंशाचं होतं. एएफडीची मागणी गुन्हेगाराला शिक्षा व्हावी एवढीच नसते. तिचं म्हणणं असं की माणूस इथला की बाहेरचा, हे त्याच्या रक्तावरून ठरतं. त्या हिशेबात ते मूलही बाहेरचंच. प्रश्न सोडवणं वेगळं आणि त्या पक्षाची मोजपट्टी उचलणं वेगळं. मेर्त्स यांनी मोजपट्टी उचलली.

उसन्या भाषेचं काय होतं, याचं एक उदाहरण तर आपल्या लोकांशी जोडलेलं आहे. २००० साली जर्मन सरकारने बाहेरच्या २०,००० संगणक तज्ज्ञांना ग्रीन कार्ड द्यायचं ठरवलं. पुण्या-मुंबईतली बरीच मुलं त्या वाटेने गेली. तेव्हा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात सीडीयूचे युर्गेन र्‍युटगर्स निवडणूक लढवत होते. भारतीयांना संगणकापुढे बसवण्यापेक्षा आपल्या मुलांना बसवा, असं ते म्हणाले, आणि त्याची घोषणा झाली 'किंडर श्टाट इंडर', भारतीयांऐवजी आपली मुलं. यमक जुळलं होतं, जिभेवर बसलं. 'रिपुब्लिकानर' नावाच्या अतिउजव्या पक्षाने ते वाक्य उचलून आपल्या पोस्टरवर छापलं. र्‍युटगर्स ती निवडणूक हरले. घोषणा मात्र राहिली. आजही तिथे राहणाऱ्या आपल्या जुन्या मंडळींना ती तोंडपाठ आहे.

डेन्मार्कचं उदाहरण देऊन मला हमखास अडवलं जातं. तिथल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्थलांतराबाबत कडक धोरण घेतलं आणि अतिउजवी डॅनिश पीपल्स पार्टी २०१५ च्या २१.१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ८.७ वर आणि २०२२ मध्ये २.६ वर आली. आकडे बरोबर आहेत. पण २०२२ मध्ये त्याच विचाराचे आणखी दोन पक्ष संसदेत होते, तिघांची बेरीज १४ टक्क्यांच्या वर जाते. आणि त्यासाठी किंमत काय मोजली, तेही बघा. जानेवारी २०१६ चा तिथला कायदा म्हणतो की आश्रय मागणाऱ्याकडे १०,००० क्रोनरहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर सरकार तो काढून घेऊ शकतं. तो कायदा करताना सोशल डेमोक्रॅटांनी पाठिंबा दिला. युद्धातून पळून आलेल्या बाईच्या पिशवीत सीमेवरचा पोलीस हात घालतो, हे मध्यममार्गी पक्षाच्या संमतीने झालं. अतिउजवा पक्ष निवडणूक हरला, त्याचं म्हणणं मात्र कायद्याच्या पुस्तकात गेलं. अशा विजयाला मी विजय म्हणणार नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. लोकांनी निवडून दिलेल्या पक्षाला वाळीत टाकणं लोकशाहीत बसतं का? जर्मनीत या बंदोबस्ताला 'ब्रांडमाउअर' म्हणतात, आग एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये म्हणून मधे बांधतात ती भिंत. मला विचाराल तर ती पूर्ण लोकशाहीत बसते. मतदाराच्या मताने जागा मिळते. एएफडीला तिच्या १५२ जागा मिळाल्या आहेत, बोलायला वेळ मिळतो, पक्षाला सरकारी पैसा मिळतो. पण कुणाशी युती करायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि आम्ही याच्याबरोबर बसणार नाही हे मतदाराला आधी सांगून मतं घेतली असतील तर तो शब्द पाळणं हीच लोकशाही. एरफुर्टला चुकलं ते हेच. बहुमताचा आकडा जमला होता, दिलेला शब्द मोडला होता.

दुसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे: एकदा येऊ द्या सत्तेवर, आपोआप उघडे पडतील. नेदरलँड्समध्ये हा प्रयोग करून झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हीव्हीडी या सत्ताधारी उजव्या पक्षाच्या नव्या नेत्या दिलान येशिलग्योझ यांनी खेर्त विल्डर्स यांच्या अतिउजव्या पक्षासोबत जाण्याचा पर्याय मोकळा ठेवला. त्याआधी विल्डर्सना मत देणं म्हणजे मत वाया घालवणं, असं लोकांना वाटत असे. आता वाटेना. नोव्हेंबरमध्ये विल्डर्सनी १५० पैकी ३७ जागा घेतल्या. जुलै २०२४ मध्ये त्यांच्या पाठिंब्याचं सरकार आलं, अकरा महिन्यांत त्यांनीच ते पाडलं. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत ते ३७ वरून २६ वर आले आणि सगळीकडे मथळे झळकले की लाट ओसरली. पण त्यांच्याच शेजारचे दोन पक्ष, जेए२१ आणि फोरम फोर डेमोक्रासी, मिळून ४ वरून १६ वर गेले. तिघांची बेरीज ४१ होती, ती ४२ झाली. पूर्ण बुडाला तो एनएससी, प्रामाणिक कारभाराचं वचन देऊन २० जागा मिळवणारा आणि मग विल्डर्सशेजारी बसलेला मध्यममार्गी पक्ष. त्याला शून्य जागा मिळाल्या.

ऑस्ट्रियात तर पाव शतकाचा हिशेब मांडता येतो. २००० साली तिथल्या जुन्या उजव्या पक्षाने योर्ग हायडर यांच्या अतिउजव्या एफपीओला सरकारात घेतलं तेव्हा युरोपीय संघातल्या बाकीच्या १४ देशांनी ऑस्ट्रियाशी संबंध कमी केले होते. तीन वर्षांच्या आत एफपीओ २७ टक्क्यांवरून १० वर घसरला. उघडा पडला, असंच तेव्हाही म्हणत. सप्टेंबर २०२४ मध्ये तो २८.८ टक्के मतांनी देशात पहिला आला. अपयशाने हे पक्ष मरत नाहीत, कारण त्यांचा मतदार कारभार बघून आलेला नसतोच. आणि जिथे त्यांना भरपूर बहुमत मिळालं तिथे काय झालं, तेही समोर आहे. हंगेरीत २०१० मध्ये दोन तृतीयांश जागा मिळताच व्हिक्टर ओर्बान यांनी नवी राज्यघटना आणली, निवडणुकीचे नियम आपल्याला सोयीचे केले, वर्तमानपत्रं मित्रांच्या हाती गेली, एक अख्खं विद्यापीठ बुडापेस्टहून व्हिएन्नाला गेलं. पोलंडमध्ये अशाच पक्षाच्या आठ वर्षांच्या राजवटीनंतर, २०२३ मध्ये, लोकांनी ७४ टक्के मतदान करून सरकार बदललं, तरी न्यायालयं पूर्ववत करणं नव्या सरकारला जड जातंय. मोडायला एक अधिवेशन पुरतं, जोडायला दशक लागतं.

इटलीच्या जॉर्जा मेलोनी यांचा दाखला देऊन अलीकडे बरेच जण मला शांत करू पाहतात. सत्तेवर आल्या आणि सौम्य झाल्या, असं म्हणतात. त्यांच्याच सरकारने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी बाहेरच्या ४,५२,००० कामगारांना परवाने मंजूर केले, पुढच्या तीन वर्षांसाठी सुमारे पाच लाख. म्हणजे शेतात, हॉटेलात, म्हाताऱ्यांच्या देखभालीला माणसं लागतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. व्यासपीठावरून सांगतात ते वेगळंच. आणि अशाने ती माणसं देशात येतात ती हक्क नसलेली, मालकाच्या मेहेरबानीवरची. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. मालकाने त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकलं, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवला. तो मेला. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

तर भिंत हवीच. पण इथे मला माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. भिंत बांधून घरी जाता येत नाही. फ्रान्सकडे बघा. २००२ मध्ये अतिउजवे जाँ-मारी ले पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले तेव्हा डाव्यांनीही जुन्या उजव्या पक्षाच्या शिराक यांना मत दिलं आणि ८२ टक्क्यांनी निवडून आणलं. २०२२ मध्ये त्यांच्या कन्येला, मारीन ले पेन यांना, ४१.५ टक्के मतं पडली. जुलै २०२४ मध्ये दोनशेवर उमेदवारांनी आपण होऊन माघार घेतली म्हणून त्यांचा पक्ष मित्रांसह १४३ जागांवर अडला. लोकांनी पुन्हा एकदा बांध घातला होता. त्या बदल्यात त्यांना सरकार मिळालं मिशेल बार्निए यांचं, जे ले पेन यांच्या मर्जीवर तीन महिने चाललं आणि डिसेंबरमध्ये डाव्यांच्या अविश्वास ठरावाला त्यांच्या पक्षाने मतं दिली तेव्हा पडलं. आपलं मत दर वेळी कुणाला तरी अडवायलाच वापरायचं, आपलं स्वतःचं काही मागायचंच नाही, हे माणसाने किती वेळा करावं?

थुरिंगियातलं सूल शहर घ्या. तिथे सिम्सन नावाची मोपेड बनत असे. आपल्याकडे एका पिढीची लूना होती, तशी पूर्व जर्मनीतल्या पिढ्यांची सिम्सन. १९९० च्या एकीकरणात पूर्वेतले सुमारे ८,५०० सरकारी कारखाने एका संस्थेकडे सोपवले, त्यांत ४० लाख माणसं काम करत होती. चार वर्षांत निम्म्याहून जास्त नोकऱ्या गेल्या. कारखाने विकत घेणारे बहुतेक पश्चिमेचे, बंद करणारेही तेच. सूलमध्ये शेवटची मोपेड २००२ मध्ये बनली. एके काळी ५६,००० वस्तीचं ते शहर आता सुमारे ३६,००० वर आलं आहे. शिकलेली मुलं गेली, मुली जास्त गेल्या. मागे राहिलेल्यांच्या शाळा बंद झाल्या, डॉक्टर निवृत्त झाले तर नवे आले नाहीत.

२०२४ च्या प्रचारात ह्योके सिम्सनवर बसून फिरले. मूळचे ते पश्चिम जर्मनीचे, पण त्या एका फेरीने त्यांनी लोकांना सांगितलं की तुमचं जे गेलं त्याची मला आठवण आहे. आणि त्यांनी जे सांगितलं नाही ते असं: तो कारखाना उभा केला सिम्सन या ज्यू कुटुंबाने. १९३०च्या दशकात थुरिंगियाच्या नाझी प्रमुखाने तो त्यांच्याकडून हिसकावला आणि कुटुंब अमेरिकेला पळालं. त्यांच्या वंशजांनी आपल्या नावाचा असा वापर करू नका, म्हणून जाहीर विरोध केला आहे.

आठवणीला उत्तर फक्त इतिहासाच्या धड्याने देता येत नाही. २०२५ च्या निवडणुकीनंतरच्या पाहणीत कामगारांपैकी ३८ टक्क्यांनी एएफडीला मत दिल्याचं दिसलं. एकेकाळी कामगारांचा पक्ष असलेला एसपीडी १६.४ टक्क्यांवर आला. जर्मनीने २००९ मध्ये कर्जाला लगाम घालणारं कलम राज्यघटनेत घातलं आणि पंधरा वर्षं पूल, रेल्वे, शाळा यांवरचा खर्च मागे ढकलला. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर धावल्या. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे ड्रेस्डेनमधल्या कारोला पुलाचा एक भाग नदीत कोसळला, शेवटची ट्राम जाऊन थोडाच वेळ झाला होता. मार्च २०२५ मध्ये, निवडणूक झाल्यावर, ५०० अब्ज युरोंच्या निधीसाठी अखेर राज्यघटना बदलली. ती बदलणारे मेर्त्सच, प्रचारात विरोध करणारेही तेच. हे पाच वर्षं आधी व्हायला हवं होतं.

एएफडीवर बंदी घालावी का, यावर तिकडे खूप खल चालू आहे. मे २०२५ मध्ये देशाच्या घटना-संरक्षण खात्याने तिला निश्चित अतिउजवी संघटना ठरवलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. कायद्याने आपलं काम जरूर करावं. पण लोकांच्या गावातली जी बस बंद झाली ती न्यायालय परत आणणार नाही.

मला आशा दिसते ती गेल्सनकिर्खेनसारख्या ठिकाणी. पश्चिमेतलं हे जुनं कोळशाचं शहर, जर्मनीत सर्वांत जास्त बेकारी असलेल्या शहरांपैकी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे एएफडी पहिली आली. सप्टेंबरमध्ये महापौरपदाच्या अंतिम लढतीत एएफडीसमोर एसपीडीच्या उमेदवार होत्या, आणि सीडीयूसह बाकीच्यांचे मतदार त्यांच्यामागे उभे राहिले. त्या दोन तृतीयांश मतांनी निवडून आल्या. नेते डगमगतात तेव्हाही भिंत कोण उभी ठेवतं, ते तिथे दिसलं.

जर्मनीत आता अडीच लाखांहून जास्त भारतीय आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० वर नेले. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. तिकडच्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत मी नेहमी वाचते: हे आपल्याबद्दल नाही हो, निर्वासितांबद्दल आहे, आपण कर भरतो. मला ही समजूत फार धोक्याची वाटते. ऑगस्ट २००७ मध्ये साक्सनीतल्या म्युगेल्न गावच्या जत्रेत पन्नासेक जणांच्या जमावाने आठ भारतीयांना रस्त्यातून पळवत नेलं होतं. त्यांनी एका पिझ्झाच्या दुकानात आसरा घेतला, तर दारावर लाथा पडल्या. तेव्हा कुणी त्यांचा व्हिसा विचारला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये कार्ल्सरूहमध्ये एएफडीच्या स्थानिक शाखेने विमानाच्या तिकिटासारखी पत्रकं छापून लोकांच्या टपालपेट्यांत टाकली. प्रवाशाचं नाव: बेकायदा स्थलांतरित. तारीख: २३ फेब्रुवारी, मतदानाची. पेटीवर परकं नाव असलेल्या घरात ते तिकीट हातात आलं तेव्हा त्या घरातल्या लहान मुलाला काय सांगितलं असेल?

माझी एक विद्यार्थिनी साताऱ्याजवळची, परिचारिका. २०२४ च्या उन्हाळ्यात तिला पूर्व जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या रुग्णालयात नोकरी मिळाली. तेव्हा तिने फोन करून विचारलं होतं, "मॅडम, तिकडे वातावरण बरं नाही म्हणतात. जाऊ का?" मी जा म्हणाले, आणि नंतर कित्येक रात्री मला झोप लागली नाही. ती शरदात गेली. तिच्या विभागातले रुग्ण चाळीस-चाळीस किलोमीटरवरून येतात, कारण जवळचा प्रसूती विभाग बंद झाला आणि मग शस्त्रक्रियेचाही. संध्याकाळी सातनंतर बस नाही, म्हणून भेटायला आलेले म्हातारे नवरे घड्याळाकडे बघत बसतात. ते कुणाला मत देतात हे तिला ठाऊक आहे, गावाचा निकाल पेपरात आला होता. ती त्यांची पट्टी बदलते. त्यांच्या बोलीतले शब्द मला विचारते, मलाही सगळे येत नाहीत.

परवा तिने नागरिकत्वाचा हिशेब करून दाखवला. नव्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं राहिल्यावर अर्ज करता येतो. तिची पाच वर्षं भरतील २०२९ च्या शरदात. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर त्याच वर्षीच्या सुरुवातीला असेल. सहा-सात महिन्यांनी तिचं मत हुकतं. आणि अर्ज केलाच तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, हे तिने घरी आईला अजून सांगितलेलं नाही.